शेव्हेलची पुढची सीट

मर्ल स्टॅम्परने आयुष्यात फारसे निर्णय घेतले नाहीत. ते खातं पहिल्यापासून डार्लीनकडे होतं. पण त्या शनिवारी, इंडियानातल्या जत्रेच्या मैदानावर, त्याने एक छोटासा निर्णय स्वतःच्या बुद्धीने घेतला आणि दुपारी सत्तरी ओलांडलेले मर्लराव मैदानभर धापा टाकत पळत होते.

दांडग्या इंजिनांच्या जुन्या गाड्यांचा हा मेळा मर्लने कधी चुकवला नव्हता. एका बाजूला घासूनपुसून लखलखीत केलेल्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या, दुसऱ्या बाजूला गवतावर ताडपत्र्या टाकून सुट्या भागांचा बाजार. आजवर तो इथे विकत घ्यायला यायचा (आणि घरी गेल्यावर घेतलेलं लपवायचा). यंदा मात्र विकायला बसला होता, कारण डार्लीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिने साफ सांगितलं होतं, "या हिवाळ्यात मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडणार नाही. गॅरेजमध्ये माझी गाडी उभी राहील. तुझं भंगार तरी ठेव, नाहीतर मला तरी."

मर्लने विचार करायला थोडा वेळ मागितला, तो मिळाला नाही.

तर ताडपत्रीवर कार्ब्युरेटर होता, चाकांच्या टोप्या होत्या, आणि मधोमध होती त्याच्या अडुसष्ट सालच्या शेव्हेल गाडीची पुढची लांबलचक निळी सीट. मुलगी झाली तेव्हा शेव्हेल विकावी लागली. पण गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी या पठ्ठ्याने ही सीट काढून घेतली आणि भंगारातली दुसरी बसवून दिली. याच सीटवर त्याने डार्लीनला लग्नाचं विचारलं होतं. डार्लीन हे विसरली असणार अशी त्याची खात्री होती, आणि आठवण करून द्यायची लाज वाटत होती. सीट परत घरी न्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं. कसं, ते ठरत नव्हतं.

"सीट केवढ्याला?" एकाने विचारलं.

"आत उंदीर आहेत," मर्ल म्हणाला.

"उंदीर चालतील."

असं तीनदा झाल्यावर मर्लने तो निर्णय घेतला. पुठ्ठ्यावर 'विकली' लिहून सीटवर ठेवलं. या बाजारात 'विकली' लिहिलेल्या वस्तूला कुणी बोट लावत नाही. घेणारा पैसे देतो, बाजारभर हिंडतो आणि मग हातगाडी घेऊन माल न्यायला येतो. मर्ल स्वतःच्या हुशारीवर खूश झाला आणि डार्लीनला दुकानावर बसवून तळलेल्या मांसाचं ताटाएवढं टेंडरलॉइन सँडविच आणायला गेला.

परत येऊन बघतो तर सीटच्या जागी नुसतं चपटं झालेलं गवत.

"सीट कुठाय?"

"नेली की तुझ्या माणसाने," डार्लीन म्हणाली. "मिश्यावाला, हातगाडी घेऊन आला होता. म्हणाला, निळी सीट, विकलेली. म्हटलं, न्या बाबा."

"पण मी विकलीच नव्हती."

"मग 'विकली' कुणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"विकायची नव्हती म्हणून."

डार्लीनने त्याच्या हातातलं सँडविच काढून घेतलं. उन्हाचा त्रास होतोय का, असंही विचारलं.

तेवढ्यात शेजारच्या ताडपत्रीवरून गॅरीने मान वर केली. "तो लेस्टर. सकाळी माझ्याकडची सीट घेतली त्याने. निळीच." आणि मागे वळून बघितलं, तर त्याची सीट 'विकली'ची पाटी मिरवत तिथेच होती.

मर्ल पळाला. चमकत्या गाड्यांच्या रांगेतून पळताना एक हिरवी, पांढऱ्या पट्ट्यांची दिसली आणि एवढ्या घाईतही पाय आपोआप मंदावले. अशाच एका गाडीतून तो आणि मित्र उन्हाळाभर गावात चकरा मारायचे, कुठे जायचं नसायचं तरी. कुणीतरी इंजिन चालू केलं. तो गडगडाट छातीत शिरला आणि मर्लला भरून आलं. मग सीट आठवली आणि तो पुन्हा पळू लागला.

लेस्टर सापडला मैदानाच्या टोकाला. ट्रेलरवर त्याची अर्धवट जोडलेली शेव्हेल होती, सीट आत ठेवून झाली होती आणि तिच्यावर डार्लीन बसली होती. (गॅरीने तिला त्याच्या गोल्फ कार्टमधून केव्हाच आणून सोडलं होतं.)

"चूक झाली हो," लेस्टर म्हणाला. "काढून देतो. पण कशी चपखल बसलीय, जरा बसून तर बघा."

मर्ल चढून स्टिअरिंगमागे बसला. स्प्रिंग तशीच कुरकुरली. शेजारी डार्लीन, समोर काच. आता बोललो नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं.

"डार्लीन, याच सीटवर मी तुला विचारलं होतं. म्हणून इतकी वर्षं जपली."

डार्लीनने त्याच्या हातावर हात ठेवला.

"मला आठवतंय, मर्ल. मी नाही म्हणाले होते."

"नाही?"

"थंडीने कुडकुडत होते मी, आणि तू इंजिनाबद्दल बोलत होतास. मधेच विचारलंस. हो म्हणाले ते पुढच्या महिन्यात, तुझ्या वडिलांच्या स्टेशन वॅगनमध्ये. तिचा हीटर चालायचा."

"ती वॅगन तर आपल्याकडेच होती. गॅरेजमध्ये."

"होती ना," डार्लीन म्हणाली. "तूच भंगारात दिलीस. या सीटला जागा हवी म्हणून."