दरबारी रात्रीच्या निळ्या कोटाची हकीकत

श्रीवरुण प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध पक्षी, भूमध्य समुद्रावर तरत्या किल्ल्यात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. कोणा सरकारचे आज्ञेवरून लिहिले नाही आणि कोणाच्या खुशीसाठीही नाही. वाचणाऱ्यास राग आला तर खुशाल येवो.

एक राज्य होते. त्याचे नाव घेऊन उपयोग नाही, ऐशी राज्ये काचेच्या इमारतींत पैशाला पासरी आहेत. त्या राज्याने परदेशीच्या थोरल्या गिऱ्हाइकाचे काम जिंकिले आणि राजे खुश जाहले आणि हुकूम केला की, निवडक मानकऱ्यांनी एकेक आप्त संगे घेऊन बारा मजली जहाजावर सात दिवस समुद्र फिरावा. मग त्या मानकऱ्यांत विट्याची शालन आवळे निवडली गेली, आणि तिने आपले तीर्थरूप यमाजी मास्तर यांस बरोबर घेतले, कारण मातोश्री वारल्या होत्या आणि मास्तरांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मास्तर म्हणजे नवजीवन ब्रास बँडचे धनी. अडतीस वर्षे क्लॅरिनेट फुंकले, अठरा गडी पोसले, आणि मग गाडीवरचे भोंगे आले आणि बँड मोडला.

जहाजाचा हुकूमनामा आधीच आला होता. तो ऐसा की, सात रात्रींपैकी दोन दरबारी, म्हणजे फॉर्मल नाइट. त्या रात्री पुरुषांनी सूट आणि टाय घालावा, नाहीतर आपल्या मुलखाचा पोशाख, नाहीतर ज्यास गणवेश असेल त्याने गणवेश. स्त्रियांनी लांब झगा अथवा साडी. अर्ध्या चड्डीस आणि सपातेस मोठ्या दिवाणखान्यात मज्जाव. मग तीन महिने राज्यात दुसरे काम जाहले नाही. मानकऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर खल चालला. सुभेदार निमकर, जे शालनचे वरिष्ठ, त्यांनी निकाल दिला की धोतर नको, ते दरबारी वाटत नाही. आपल्या आज्याच्या धोतराची ज्यास लाज, तो दुसऱ्यास काय नेसावे ते शिकवीत होता. ऐसा तो काळ.

शालनने बापासाठी काळा सूट शिवविला. परंतु विट्याच्या घरी तिनेच हुकूमनामा मोठ्याने वाचिला होता, आणि मास्तरांच्या मनात 'गणवेश' एवढाच शब्द राहिला. मग त्यांनी गुपचूप आपला कोट बॅगेच्या तळाशी घातला. गड्यांचे कोट तांबडे असत, मास्तरांचा एकट्याचा गर्द निळा. सिंहाची पितळी बटणे, खांद्यावर मोजकी जर. छातीवर बँडच्या नावाचा पट्टा होता, तो बँड मोडला त्या दिवशी मास्तरांनी उसवून खिशात ठेविला. त्या जागी चार बोटे कापड अजून गडद होते, बाकीचा कोट उन्हाने विटला होता.

पहिली दरबारी रात्र आली. शालन निमकरांच्या कबिल्याबरोबर केस बांधून घेण्यास गेली होती. मागे मास्तर एकटे कोट घालून, बूट पुसून दिवाणखान्यास चालत आले, आणि दारावरच्या परदेशी पहारेकऱ्याने खटकन टाच जुळविली. आत निमकर ताडकन उठले.

"वा वा! शालनचे बाबा यूनिफॉर्ममध्ये! सॅल्यूट, सर!"

निमकरांच्या पत्नी मृणालताई मागून येत होत्या, त्या नवऱ्यास म्हणाल्या, "बघा, रुबाब असावा तर असा. तुम्ही एवढा सूट शिवलात आणि वेटर दिसताय."

मग सगळी हसली आणि मास्तरांस मधल्या खुर्चीवर बसविले. तेवढ्यात शालन आली आणि तिने कोट पाहिला आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले.

"काका, रेजिमेंट कुठली तुमची?" निमकरांनी विचारिले.

"रेजिमेंट?"

"बाबा त्याबद्दल फार बोलत नाहीत," शालन घाईने म्हणाली, आणि बापाकडे ऐसे पाहिले की मास्तरांस सगळे उमगले. तिच्या कचेरीतल्या मेजावर त्यांची याच कोटातली, पट्टा उसवल्यानंतरची, तसबीर होती. कोणी पुसले असेल, हे कोण. आणि पोरीने सांगितले असेल, फौजेत होते. ज्यांनी फौज पडद्यावरच पाहिली, त्यांस ते पटले असेल. मास्तरांस राग आला नाही. वाईट वाटले, आणि वाईट वाटूनही ते म्हणाले, "होय. फौजेत होतो."

इथे थांबते तर बरे होते. परंतु मृणालताई म्हणाल्या, "काका, लढाईचा एखादा किस्सा सांगा ना!" आणि अडतीस वर्षांत मास्तरांनी कोणाची फर्माईश परतविली नव्हती. लढाई त्यांजपाशी नव्हती. मरण मात्र एक होते.

"वैशाख होता," मास्तर सांगू लागले. "ऊन असं, की पितळंला हात लावला तर कातडं निघावं. आमचा भानुदास. छातीला वझं बांधलेलं. सकाळधरनं पाणी नाही पोटात. मला म्हणला, दादा, घटकाभर सावलीला बसू द्या. मी म्हणलं, एवढा टप्पा होऊ दे. टप्पा काय झाला नाही. तोंडावर पडला. मागनं हुकूम आला, थांबायचं नाही, पुढं चला. आन् आम्ही गेलो. त्याला वळसा घालून गेलो."

मग निमकर पेला घेऊन उठले आणि जड आवाजाने म्हणाले, "शहीद भानुदास यांना." आणि सगळे मानकरी उठले आणि त्यांच्या बायका उठल्या आणि शेजारच्या मेजावरची गोरी माणसेही काही न कळता उठून उभी राहिली. शालन तेवढी बसून होती, मान खाली. तिला भानुदासकाका ठाऊक होता. ढोलावर बसवून त्याने तिला गल्लीभर फिरविले होते.

मास्तरांनी ती उभी माणसे पाहिली. भानुदास खरोखर पडला तेव्हा मागे दोनशे माणूस वरातीत होते. एकानेही डोक्यावरचा फेटा काढला नाही. नवऱ्याचा मामा म्हणाला होता, "मास्तर, गाणं बदला, अपशकुन नको," आणि मास्तरांनी गाणे बदलिले होते. आणि आज इतकी माणसे उभी, तर ती खोट्या भानुदासासाठी. मास्तरांच्या मनात आले की, हा आपण त्यास दुसऱ्यांदा वळसा घातला. मग त्यांनी खिशातून पट्टा काढिला आणि पांढऱ्या मेजपोसावर उलगडून ठेविला.

"बाबा, नको," शालन म्हणाली.

"तो फौजंत नव्हता," मास्तर म्हणाले. "मीबी नव्हतो. त्याच्या छातीला ढोल होता, साहेब. लग्नाची वरात होती. तुमच्यासारख्याच मोठ्या घरची."

मग निमकरांनी पट्टा वाचिला, 'नवजीवन ब्रास बँड, विटा.' आणि पेला खाली ठेविला आणि बसले. ते बसले म्हणून दुसरे बसले, आणि ऐसे करीत सगळी पंगत बसली. गोरी माणसे घटकाभर तशीच उभी होती, मग तीही बसली. मृणालताई म्हणाल्या, "अय्या! म्हणजे बँडवाले?" आणि मेजाच्या टोकावरून एक मानकरी हसत बोलला, "मग काका, होऊन जाऊ द्या एक नागीण डान्स!" मेलेला माणूस अजून मेजावर होता, आणि हे बोलणे. त्या जिभेस काय म्हणावे ते वाचणाऱ्याने ठरवावे.

शालन एवढेच म्हणाली, "बाबा, जेवण गार होतंय."

पुढे तीन दिवस तिने बापाशी शब्द काढिला नाही. किल्ला बंदरोबंदर फिरला. मानकरी उतरून तसबिरी काढीत आणि शालन त्यांच्या मागे दहा पावले चाले आणि मास्तर वरच्या मजल्यावर खुर्चीत बसून पाणी पाहात. दुसऱ्या दरबारी रात्री निमकरांनी आसनांची नवी यादी केली आणि आवळे बापलेकीस मुदपाकखान्याच्या दाराशी दोघांचे मेज दिले.

त्या संध्याकाळी मास्तर आपणहून काळा सूट घालून आरशापुढे उभे राहिले. टायची गाठ बसेना.

"काढा ते," शालन म्हणाली.

"अगं, चारचौघांसारखा दिसतोय की."

"कोट घाला. आता काय राहिलंय झाकायला?"

"हा तुझा राग बोलतोय, बाय."

"हायच राग. तुमच्यावर हाय, माझ्यावर हाय. पट्टा कुठंय?"

तिची बोली तीन दिवसांनी, किंबहुना दहा वर्षांनी, विट्याची जाहली होती. मास्तरांनी पट्टा दिला. खोलीत जहाजाने ठेविलेली सुईदोऱ्याची डबी होती, त्यात जरीचा दोरा नव्हता, म्हणून तिने काळा घेतला आणि कोट मांडीवर घेऊन चार बोटे गडद जागेवर पट्टा टाकिला. टाके वाकडे पडले. डोळ्यांत पाणी असता सरळ पडत नाहीत.

मग तिने आईची हिरवी इरकल नेसली आणि दोघे दिवाणखान्यास गेली. दारावरच्या परदेशी पहारेकऱ्याने पहिल्यासारखीच खटकन टाच जुळविली, कारण त्यास पट्ट्यावरचे अक्षर वाचता येत नव्हते. ज्यांस वाचता येत होते त्यांनी ताटात पाहिले. कोट तोच होता, बटणे तीच होती. दोघे मधून चालत मुदपाकखान्याच्या दाराशी जाऊन बसली, आणि कोणी उठले नाही.

ऐसे वर्तमान जाहले. पुढे राज्यात शालनची बढती राहून गेली; कारण पुसता, इतर कारणे, ऐसा जबाब आला. कचेरीतल्या मेजावरची तसबीर तिने हलविली नाही. भानुदासाची सलामी भानुदासास पोहोचली नाही. कोट विट्यास परत आला, खुंटीवर आहे. काळ्या दोऱ्याचे टाके अद्याप उसवले नाहीत. येणेप्रमाणे.