चुकांची शिकवणी

मॅडमना चुका हव्या होत्या आणि एकही विद्यार्थी चुकायला तयार नव्हता.

एरवी हीच मुलं जिन्यावर, कँटीनमध्ये असं इंग्रजी बोलत की कानांत बोटं घालावीत. पण मॅडमनी टेबलावर माइक ठेवला की त्यांच्या तोंडाला कुलूप. मॅडमचा पीएच.डी.चा विषय होता विद्यापीठातल्या मुलांच्या बोलण्यातलं इंग्रजी व्याकरण. मुलांचं आपसूक आलेलं बोलणं रेकॉर्ड करायचं, शब्दन् शब्द संगणकात उतरवायचा आणि कोण कुठे घसरतं ते शोधायचं. अशा साठ्याला कॉर्पस म्हणतात. मॅडमचा कॉर्पस रिकामा होता आणि मुदत डोक्यावर आली होती. प्रबंध झाला नाही तर ही हंगामी नोकरीही जाईल, असं विभागप्रमुखांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं. तेच त्यांचे मार्गदर्शकही होते.

"बोल ना रे, काहीही बोल," मॅडम एका मुलाला विनवत होत्या.

"काहीही म्हणजे नेमकं काय? किती मार्कांना आहे?"

"मार्क नाहीत."

"मग कशाला बोलायचं, मॅडम?"

मॅडमनी हात टेकले. रात्री जेवताना नवऱ्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. नवऱ्याचा फाडफाड इंग्रजी शिकवायचा क्लास होता आणि विभागातली बहुतेक मुलं तिथंच जात. त्याच्या शिकवण्याला मॅडम पोपटपंची म्हणत, तेही चार नातेवाइकांसमोर.

"विषय काय दिलायस?" त्यानं विचारलं.

"आयुष्यात घाबरल्याचा एक प्रसंग. पण ती तोंडच उघडत नाहीत. आणि मला तर त्यांच्या चुका हव्यात हो!"

"चुका हव्यात?" नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याची उभी हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली होती. "बरं. बघतो."

बघतो म्हणजे काय करतो, हे मॅडमनी तेव्हाच विचारायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात दाराबाहेर रांग लागली. पहिल्या मुलीनं आपले आजोबा शिडीवरून कसे पडले ते सांगितलं. छान अडखळली, छान चुकली. दुसऱ्या मुलाचेही आजोबा शिडीवरूनच पडले. मॅडमचं सगळं लक्ष चुकांकडे. आजोबांकडे बघतंय कोण? तिसऱ्याच्या वेळी मात्र त्यांचे कान टवकारले. या आजोबांच्या शिडीची एक पायरी सुतळीनं बांधलेली होती, रंगाचा डबा त्यांच्या डोक्यावर पालथा झाला होता आणि तशातही ते म्हणाले होते, आजीला सांगू नका. मॅडमचे सासरे अगदी अस्सेच पडले होते. त्यांच्या डोक्यावरचा हिरवा रंग मॅडमनीच खरवडून काढला होता.

"थांब. हे तुझे आजोबा?"

"हो मॅडम." मुलगा घुटमळला. "माझं अडखळायचं राहिलं का कुठे?"

मॅडमनी रेकॉर्डिंग बंद करायचं ठरवलं, पण रांग ऐकेना. पाठ केलेलं वाया कसं घालवायचं? प्रत्येकानं आपापले आजोबा शिडीवरून पाडले आणि मगच घर गाठलं.

"तुम्ही मामंजींना अख्ख्या विद्यापीठाचे आजोबा केलंत?" घरात पाऊल टाकताच मॅडम कडाडल्या.

"अगं, तुझ्यासाठीच ना! मुलांना सुचेना, म्हणून प्रसंग लिहून दिला. चुकाही घातल्या. विचार करून घातल्यात हं, उगाच कुठेही नाही. एकेक चूक लिहिताना जिवावर येत होतं."

"मला मुलांच्या चुका हव्या होत्या! तुमच्या नाही!"

"पोपटपंची म्हणतेस ना? आली की नाही कामाला?"

मॅडमना त्याचा मनापासून राग आला. तो हे प्रेमानं बोलत होता, याचा त्याहून जास्त आला.

दुसऱ्या दिवशी त्या तडक प्रमुखांकडे गेल्या. विभागाच्या संगणकावरचं रेकॉर्डिंग प्रमुखांनी आधीच ऐकलं होतं आणि ते खुशीत होते.

"सगळी मुलं एकाच जागी चुकतात, मॅडम! इतका स्वच्छ निष्कर्ष मी जन्मात पाहिला नाही."

"सर, हे सगळं रद्द करायला हवं. मुलांनी ते पाठ केलंय." मॅडमनी घडलेलं सगळं सांगून टाकलं.

प्रमुखांनी उठून दार लावलं. "मॅडम, इथे पाठ केल्याशिवाय दुसरं काय होतं? मी आता निवृत्त होतोय. नवा प्रमुख तुम्हाला मुदतवाढ देईल असं वाटतं?" ते खुर्चीत बसले. "कुणाचे काका करा, कुणाचे शेजारी करा. व्याकरण तेवढं राहू द्या."

मॅडमनी काका केले, शेजारी केले. पदवी मिळाली, नोकरी पक्की झाली. सत्कारात सर्वांत जोरात टाळ्या नवऱ्याच्या होत्या आणि मॅडमना मान वर करवत नव्हती. घरी येऊन त्यांनी हार कचऱ्याच्या डब्यात टाकला.

विद्यापीठ मात्र कौतुकानं भारावलं होतं. मॅडमनी शोधलेल्या चुकांचा एक पेपरच सर्वांना सक्तीचा झाला. एका रकान्यात चूक, शेजारच्या रकान्यात बरोबर.

वर्ष सरलं, पण मॅडमचं मन खात राहिलं. एकदा तरी खरं काम करायचं, मग कुणी छापो न छापो, असं ठरवून त्या कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसल्या. माइक नाही, विषय नाही. पलीकडे दोन मुलं छत्री कुणी हरवली यावरून इंग्रजीत तावातावानं भांडत होती. मॅडम ऐकू लागल्या आणि खुर्ची सरकवून आणखी जवळ गेल्या. चुका त्याच होत्या. नवऱ्यानं घातल्या होत्या त्याच, तिथंच.

"अरे, असं का बोलताय?" त्यांनी न राहवून विचारलं.

"तुमच्या पेपरातलंच आहे, मॅडम."

"ते चुकीच्या रकान्यातलं आहे!"

"दोन्ही रकाने पाठ केलेत मॅडम. परीक्षेत काय येईल सांगता येतं का?"

मॅडम तिथंच रडू लागल्या. त्यांच्या प्रबंधातलं एकही वाक्य आता खोटं उरलं नव्हतं. मुलांना वाटलं, मॅडमना आनंद झाला. त्यांनी मॅडमसाठी एक चहा मागवला आणि ती पुन्हा भांडायला लागली.