शून्य हवेच्या मॅडम

नाडकर्णी मॅडम खोली बघायला आल्या तेव्हा त्यांनी खोली बघितलीच नाही. भाडं विचारलं नाही, पाणी किती वेळ येतं तेही विचारलं नाही. जिना चढता चढता मध्येच थांबल्या, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही केसांना कोणतं तेल लावता?"

मी सांगितलं, रोजचं खोबऱ्याचं, सणाला चमेलीचं.

"चमेली नको. मी इथे आहे तोवर तरी नको. बरं, स्वयंपाक कशावर?"

मग चूल, रॉकेल की गॅस, लोबान कधी जाळता, शिलाई मशीनला तेल कधी देता, आणि खाली अंगणात ही भट्टी कसली. मला बघायला आले होते तेव्हा सासरच्यांनीही इतके प्रश्न विचारले नव्हते.

भट्टी माझ्या सासऱ्यांची. अब्बा कल्हईवाले. जव्हारात घर, पण मोखाड्याच्या बाजारच्या दिवशी भाता घेऊन तिथे जाऊन बसायचे. आसपासच्या पाड्यांतली पितळेची भांडी त्यांच्याच हातून उजळून निघालेली. पुढे स्टील आलं आणि धंदा बसला. कल्हई करताना उठणारा नवसागराचा धूर मात्र छातीत बसला तो उठला नाही. दम्याने त्यांना बोलताना मध्ये थांबावं लागायचं. तरी कुणी जुनं गिऱ्हाईक पातेलं घेऊन आलं की भट्टी पेटायचीच.

मॅडमनी खोली घेतली. अट एकच, भट्टी पेटवायच्या आधी हाक मारायची, म्हणजे त्या वाळत घातलेले कपडे आत घेतील. कपड्यांना धुराचा वास लागला तर त्या वासासकट त्या कामावर जाणार, आणि मग दिवसभराचं काम फुकट.

काम काय, ते जव्हारात कुणालाच नीट कळत नव्हतं. शिरपामाळच्या बाजूला, वस्तीपासून दूर, त्यांचं दोन खोल्यांचं केंद्र होतं. मुंबई-ठाण्याचा धूर वाऱ्याबरोबर डोंगरापर्यंत किती चढतो, ते तिथलं यंत्र मोजायचं. एवढं समजलं. पण मॅडमचा सगळा जीव असायचा त्या मोठ्या यंत्राच्या बाजूच्या लहान यंत्रात. ते हवा साफ करायचं.

तिथला राखणदार लहानू. पोशेऱ्याकडचा माणूस, घरी भात-नागली, वर ही नोकरी. तो एकदा आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "बाय, आमचे डोंगराची हवा साफच हाय ना. ती परत कशाला धुता?"

मॅडमनी मला विचारलं, "वाण्याचं रिकामं पारडं कुठे हवं?"

"बरोबरीला. शून्यावर."

"आणि पारड्याला आधीच गूळ चिकटलेला असेल तर?"

"वाणी खूश."

"मी वाणी नाही. माझ्या यंत्राला शून्य म्हणजे काय ते दाखवावं लागतं. त्यासाठी अशी हवा लागते, जिच्यात रॉकेल, पेट्रोल, शेणाचा वायू, यातलं काही म्हणजे काही नाही. या डोंगरातली हवासुद्धा तेवढी साफ नसते, लहानू. म्हणून ती मी भट्टीसारख्या तापलेल्या नळीतून सोडते. आत एक खास धातू असतो. त्याच्यावर हे सगळं जळून जातं."

अब्बा खाटेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे मॅडम, तुम्ही पण कल्हईच करता. हवेला."

मॅडम हसल्या. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

त्यांचं पालुपद एकच, "शून्य म्हणजे शून्यच. थोडंसं शून्य नसतं." लहानूला बिडी ओढायची तर नाल्यापलीकडे जायचं, आणि परत येताना चूळ भरायची. केंद्राजवळ कुणी जीप सुरू ठेवून उभा राहिला तर मॅडम बाहेर येऊन हात जोडायच्या, आणि त्या हात जोडण्याला ड्रायव्हर शिवीपेक्षा जास्त घाबरायचे. एका पाहुण्या साहेबांना त्यांनी दारातच सांगितलं, "सर, तुम्ही बाहेरच थांबा. आज हवेत तुम्ही फार आहात." साहेबांनी अत्तर लावलं होतं. ते बिचारे झाडाखाली बसून चहा पिऊन गेले.

त्यांचा खरा शत्रू म्हणजे लाइट. लाइट गेली की ती नळी गार, नळी गार झाली की सगळा कचरा तसाच पुढे. लाइट परत आल्यावर नळी तापून थाऱ्यावर येईपर्यंत मॅडम तिच्यासमोर स्टुलावर बसून असायच्या. दुधावर लक्ष ठेवतात तसं. तेवढ्या वेळाचे आकडे त्या स्वतःच्या हाताने खोडून टाकायच्या. "कोण बघतंय मॅडम?" मी एकदा म्हटलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

मला मात्र हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. ही बाई कुणाकडेच जात नव्हती. ईदला मी वर बोलवायला गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं. "बिर्याणीचा वास केसांत राहतो हो. उद्या सकाळी यंत्राची तपासणी आहे." शेजारच्या लग्नाला आल्या नाहीत, तिथे डिझेलचं जनरेटर होतं. होळीला खिडक्या बंद. मी ताट झाकून जिन्यावर ठेवायचे, त्या घासूनपुसून परत ठेवायच्या. त्यांना भेटायलाही कधी कुणी आलं नाही. रविवारी एसटीडी बूथवर जायच्या आणि लगेच परत यायच्या.

त्या हिवाळ्यात अब्बांचं दुखणं वाढलं. सरकारी दवाखान्यात ठेवलं, इंजेक्शनं झाली, वाफ झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, औषधं चालू ठेवा, पण आता घरीच न्या. घरी आल्यावर अब्बांनी मॅडमना खाली बोलावलं.

"मॅडम, एक मागू? तुमच्या मशीनची हवा एकदा द्या."

मॅडम गोंधळल्या. "चाचा, तिच्यात औषध नाही. हीच हवा आहे, फक्त साफ केलेली. आणि अगदी कोरडी. तुम्हाला उलट खोकला येईल."

"डॉक्टरच्या बाटलीचा तरी कुठे गुण येतो? ती पितोच ना मी."

"चाचा, मी खोटं कसं सांगू? त्याने बरं वाटणार नाही."

अब्बांनी मान वळवली. मॅडम वर निघून गेल्या. मला त्यांचा राग आला. आजाऱ्याला हो म्हणायला काय जातं?

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी जीप दाराशी थांबली. मॅडम या वेळी कधीच घरी नसायच्या. त्यांच्या हातात उशीएवढी फुगलेली, काचेसारखी आरपार दिसणारी पिशवी होती. तिला एक छोटी तोटी आणि नळी. मागून लहानू, पालखीबरोबर चालल्यासारखा.

"स्वच्छ मलमल आहे? भिजवून द्या," त्या मला म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारून आले. ओल्या फडक्यातून दिली तर अपाय नाही म्हणाले."

"आणि उपाय?"

"उपायही नाही म्हणाले."

"मग यंत्र?"

"बंद करून आले."

मी बघतच राहिले. चूल पेटलेली, घरभर धूर, आणि मॅडम पदर खोचून अब्बांच्या खाटेवर बसलेल्या. फडकं त्यांच्या नाकापाशी धरून कोपराने पिशवी हळूहळू दाबत होत्या.

अब्बांनी डोळे मिटले. जमेल तेवढा श्वास ओढला.

"कशी आहे चाचा?"

"कसलाच वास नाही." मग थांबून, दम घेऊन, "लहानपणी भात्यावर बसलो तेव्हापासून नाकात नवसागर आहे. आज नाही."

आता ते खरं, की त्यांच्या मनाचं, हे मला माहीत नाही. मॅडमना माहीत असणार. पण त्यांनी दुरुस्ती केली नाही.

मग पिशवी वरचेवर यायला लागली. एकदा मी बूथवर त्यांच्या शेजारीच उभी होते. वरच्या ऑफिसातून कुणी तरी विचारत होतं, दुपारचे आकडे का नसतात? मॅडम म्हणाल्या, "दुपारी हवा दुसरीकडे लागते." आणि फोन ठेवला.

अब्बा गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. पिशवी आली, अब्बांनी जेमतेम चार श्वास घेतले आणि बोलता बोलता झोपले. कित्येक रात्रींनंतर त्यांना झोप लागली होती. मी कणीक मळून परत आले तरी मॅडम तशाच बसलेल्या. पिशवी कधीच चपटी झाली होती.

"मॅडम, हवा संपली," मी म्हटलं.

त्यांनी मला हाताने गप्प केलं. आणि ती रिकामी पिशवी हलकेच दाबत राहिल्या.