तेराव्या बाकाची किंकाळी

रविवारी सकाळी चष्मेवाल्यांनी बाथरूमचं दार आतून लावलं, नळ पूर्ण सोडला, आरशात स्वतःकडे डोळे वटारून बघितलं आणि जीव खाऊन किंकाळी फोडली.

स्वयंपाकघरात कांदा चिरणाऱ्या बायकोने मानसुद्धा वर केली नाही. "शेवटी उचकी राहिली," ती म्हणाली.

आतून दुसरी किंकाळी आली. मग तिसरी. चौथीच्या आत खालच्या मजल्यावरच्या काकू दोन धट्टेकट्टे शेजारी आणि एक लाटणं घेऊन दारात हजर झाल्या.

"काय केलंत हो त्यांना?" काकूंनी धापा टाकत विचारलं.

"मी काय करणार? मी कांदा चिरतेय. ते आंघोळीला गेलेत."

"आंघोळीला एवढं ओरडतात?"

"सराव करताहेत."

"आंघोळीचा?"

तेवढ्यात चष्मेवाले टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "कशी वाटली काकू? खालपर्यंत नीट पोचली ना?" काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माणूस सगळा शाबूत आहे हे पाहून त्यांना आनंद झाला की थोडी निराशा, ते सांगणं कठीण होतं.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्यांच्या दुकानाचे मालक. स्वभावाने इतके गरीब, की गिऱ्हाइकाने तासभर फ्रेमी बघून एकही घेतली नाही तरी त्याला दारापर्यंत पोचवून यायचे. पण तरुणपणी त्यांनी एका सिनेमात काम केलं होतं, आणि तेही गुंडाचं! 'तेरावा बाक' हा तो सिनेमा. वर्गातली टारगट मुलं एका गरीब विद्यार्थ्याला छळ छळ छळतात, त्या विद्यार्थ्याला तेराव्या बाकाखाली मंत्रतंत्राची पोथी सापडते, आणि मग तो एकेकाचा असा काही सूड घेतो की पुढच्या वर्षी वर्ग भरायला मुलंच उरत नाहीत. टारगटांचा म्होरक्या म्हणजे आपले चष्मेवाले. त्यांना त्यांचाच बाक डोक्यापासून पायापर्यंत गिळून टाकतो, आणि गिळता गिळता ते एक किंकाळी फोडतात.

सिनेमा आला तेव्हा आठवड्याभरात पडला. पुढे कॉलेजच्या पोरांच्या हाती तो कसा लागला आणि त्यांनी तो का डोक्यावर घेतला, देव जाणे. आज त्याचे भक्त गावोगाव आहेत. ते दरवर्षी एकत्र जमतात, पडद्याबरोबर संवाद म्हणतात, आणि त्या किंकाळीला तर उभे राहतात. लांबलचक, अंगावर काटा आणणारी, आणि शेवटी एक बारीकशी उचकी. त्या उचकीवर लोक जीव टाकतात. चष्मेवाल्यांच्या दुकानात गल्ल्यामागे त्यांचा आ वासलेला मोठा फोटो लावलेला होता, आणि नजर तपासायला आलेली पोरंटोरं त्यावर सही मागायची. चष्मेवाल्यांना आयुष्यात अभिमान वाटावा अशी ही एकच गोष्ट. ती मात्र त्यांनी छातीशी धरून ठेवली होती.

आणि नेमक्या तिच्यावरच आता हिरोने हात घातला होता. हिरो म्हणजे सिनेमातला तो छळलेला गरीब विद्यार्थी. पडद्यावर गरीब, सेटवर हाच चष्मेवाल्यांचा डबा लपवायचा, त्यांची नक्कल करायचा आणि सगळ्यांदेखत त्यांना 'मऊभात' म्हणायचा. आता तो अभिनयाचे वर्ग चालवतो. गेल्या आठवड्यात मुलाखतीत त्याने हसत हसत सांगून टाकलं, "ती किंकाळी त्याची? अहो, तो माणूस शिंकायच्या आधी माफी मागतो! सिनेमाला तीस वर्षं झाली म्हणून खास खेळ आहे, मी असणारच आहे. त्यानेही यावं आणि सगळ्यांसमोर किंकाळी फोडून दाखवावी. नाही आला, तर समजून जा."

"जाणार!" चष्मेवाले म्हणाले होते. "आणि अशी फोडीन, की त्याचे कान आठवडाभर वाजतील."

"जाऊ द्या ना," बायको म्हणाली होती. "हवंय कशाला हे तुम्हाला?"

"अगं, माझी किंकाळी आहे ती! तू स्वतः होतीस ना तेव्हा?"

ती होती खरी. त्या सिनेमाचं ध्वनिमुद्रण ज्या स्टुडिओत झालं, तिथे ती मदतनीस होती. दोघांची ओळखच तिथली. ती उठून भांडी आवरायला गेली.

काकूंनी बाथरूमवर बंदी आणल्यामुळे सोमवारी सराव दुकानात सुरू झाला. मागच्या कोठीच्या भिंती जाड आहेत, बाहेर काही म्हणता काही ऐकू जात नाही, अशी चष्मेवाल्यांची पक्की खात्री होती. नजर तपासायच्या अंधाऱ्या खोलीत एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, "दोन मिनिटं डोळे मिटून शांत बसा हं," म्हणाले आणि कोठीत गेले.

भिंती जाड नव्हत्या. बाई त्या फ्रेमीसकट रस्त्यावर धावल्या आणि शेजारच्या केशकर्तनालयात शिरून ओरडल्या, "खून झालाय! मी डोळ्यांनी बघितलाय, जरा अंधुक दिसला इतकंच!" अर्धी दाढी झालेले दोन इसम आणि वस्तरा हातात घेतलेला कारागीर अशी वरात चष्म्यांच्या दुकानात आली. चष्मेवाल्यांनी सगळ्यांची माफी मागितली, बाईंना फ्रेम फुकट दिली, आणि जाता जाता कारागिराला विचारलं, "उचकी ऐकू आली का हो?"

उचकी काही येत नव्हती. किंकाळी लांबायची, चढायची, पण शेवटी नुसतीच विझायची. मग त्यांनी गाडीच्या काचा वर करून गाडीत सराव केला. सिग्नलला बाजूच्या गाड्यांना फक्त आ वासलेला, लालबुंद माणूस दिसायचा. लोक भराभर वाट करून द्यायचे. त्या आठवड्यात चष्मेवाले सगळीकडे वेळेआधी पोचले.

"उचकी श्वास सोडताना येत नाही," रात्री जेवताना बायको वाढता वाढता म्हणाली. "परत आत घेताना येते."

"तुला काय माहीत?"

"स्टुडिओत शंभरदा ऐकलीय. अजून एक पोळी घ्या."

चष्मेवाल्यांनी आत घेऊन बघितली. बाहेर सोडून बघितली. आणि खेळाच्या आदल्या दिवशी सकाळी उठून "चहा झाला का?" असं विचारायला गेले, तर घशातून नुसती हवा आली.

घशाच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारली आणि तोंडातल्या तोंडात हळहळले. "आठवडाभर मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. सारखं कोमट पाणी प्या. काय केलंत एवढं? भांडण?"

"किंकाळ्या," बायकोने सांगितलं.

"घरात?"

"घरात, दुकानात, गाडीत."

डॉक्टरांनी बायकोकडे जरा सहानुभूतीने पाहिलं.

चष्मेवाल्यांनी दुकानातून नजर तपासायचा जुना तक्ता घरी आणला, भिंतीला टेकवला आणि छडीने एकेक अक्षर दाखवत बोलू लागले. तक्त्यावर काना, मात्रा, वेलांटी काही नव्हतं, त्यामुळे अर्थ बायकोला लावावा लागे. "ज", "ण", "र" अशी तीन अक्षरं त्यांनी आपटून आपटून दाखवली.

"जाणार? आणि तिथे करणार काय? तोंड उघडून उभे राहणार?"

चष्मेवाल्यांनी छडी खाली ठेवली. नाही गेलं तर हिरो हसणार, गेलं तर सगळं सभागृह हसणार. दुकानातला तो फोटो उतरवावा लागणार. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

बायकोने छडी उचलून परत त्यांच्या हातात दिली. "जाऊ या," ती एकदम म्हणाली. "तुम्ही फक्त ताठ उभे राहा. थर्मास मी सांभाळते."

सभागृह खचाखच भरलं होतं. बाक गिळायचा प्रसंग आला की सिनेमाचा आवाज बंद करायचा, दिवे घालवायचे, आणि मंचावरून चष्मेवाल्यांनी किंकाळी फोडायची, असं ठरलं होतं. मंचावर दोन खुर्च्या आणि मधे एक टेबल होतं. एकीवर हिरो, दुसरीवर मफलर गुंडाळलेले चष्मेवाले. बायको थर्मास घेऊन पडद्याआड, त्यांच्या अगदी मागे उभी होती.

"काय मऊभात," हिरो माईक बाजूला धरून म्हणाला, "घसा बरा आहे ना? की आजच बसलाय?"

चष्मेवाल्यांनी नुसतं हसून बघितलं. त्यांना बोलताच येत नव्हतं, पण हिरोला ते हसू काही आवडलं नाही. तो खुर्चीत जरा सरकून बसला.

पडद्यावर बाक उघडला. आवाज गेला. दिवे गेले. चष्मेवाले अंधारात उठून ताठ उभे राहिले. घशाला कोरड पडली होती. निदान पाणी तरी प्यावं म्हणून त्यांनी टेबलावरचा पेला तोंडाला लावला.

आणि किंकाळी आली. तीच! लांब, चढत जाणारी, हाडांत शिरणारी. ती त्यांच्या अंगातून आली असंच सगळ्यांना वाटलं. खुद्द चष्मेवाल्यांनाही क्षणभर तसंच वाटलं.

हिरोने अंधारात बोंब ठोकली. त्याची खुर्ची उलटली, तो धडपडला, आणि काहीतरी झालं असं समजून कोणीतरी घाईघाईने दिवे लावले. लोकांनी बघितलं ते असं: किंकाळी अजून चालूच आहे, आणि चष्मेवाले शांतपणे पाणी पिताहेत.

किंकाळी चढली, थरथरली, आणि अगदी शेवटी श्वास आत घेताना बारीकशी उचकी लागली.

सभागृह उठून उभं राहिलं. लोक बाकांवर चढून टाळ्या वाजवत होते. इतकी वर्षं मंत्रतंत्र करणारा म्हणून सह्या देणारा हिरो टेबलाखालून ओरडत होता, "त्याचं तोंड बंद होतं! मी बघितलंय! याच्यात काहीतरी आहे!" चष्मेवाल्यांनी सवयीप्रमाणे वाकून त्याला हात दिला. हिरो आणखी आत सरकला.

दोघं घरी आली. चष्मेवाल्यांनी मफलर काढला, तक्त्यासमोर उभे राहिले आणि छडी उचलली. उ. च. क. मग जरा थांबून बायकोकडे छडी रोखली.

"हो, माझीच," बायको म्हणाली. "त्या दिवशी स्टुडिओत घाईघाईत कोरडा पाव खाल्ला होता. म्हणून लागली."

छडी तशीच राहिली.

"तुमचीही होती हो किंकाळी. पण ऐकून वाटायचं, बाक गिळतोय आणि तुम्ही त्याचे आभार मानताय. दिग्दर्शक कपाळ धरून बसले होते. मग मला म्हणाले, तू ओरडून बघ. तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगणारच होते. तर तुम्ही स्टुडिओच्या जिन्यात मला गाठून म्हणालात, लग्न कराल का, मी आता घाबरत नाही कुणाला, माझी किंकाळी ऐकलीत ना? इतके खूश होतात! कुठल्या तोंडाने सांगू?"

चष्मेवाले खाली बसले. आजवरच्या सगळ्या सह्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. मग बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि एवढं काय त्यात? तोंड तर तुमचंच होतं. तोंड तुमचं आणि आवाज माझा. या घरात दुसरं काय चाललंय इतकी वर्षं?"

चष्मेवाले हसायला लागले. आवाज नव्हताच, नुसतेच गदागदा हलत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, श्वास अडकला, तो परत आत घेतला, आणि लागली. बारीकशी, स्वच्छ, अगदी तश्शीच उचकी.

"आली बघा!" बायको टाळी वाजवून म्हणाली. "थांबा, पाणी आणते."

चष्मेवाल्यांनी घाईघाईने तिचा हात धरला आणि मान हलवून नको नको म्हटलं.