पाच ते सहा : इंग्रजी, मोठ्याने

मंगळवार, ५ फेब्रुवारी १९२९, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मी माझ्या घराच्या दारावर खळ लावून एक छापील वेळापत्रक चिकटवलं. घटना एवढीच. बाकीचं सगळं तिच्यातून निघालं.

आदल्या दिवशी गिरणीचं पत्र आलं होतं. टाइमकीपरच्या जागेसाठी येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता मॅनेजरसाहेबांना समक्ष भेटावं. टाइमकीपर म्हणजे फाटकाशेजारच्या खोलीत बसून, कोण किती वाजता आला ते हजेरीपटात लिहिणारा माणूस. मी गेली अकरा वर्षं सोलापुरातल्या एका दैनिकात बातम्या लिहितो. मजकूर यंत्रावर चढला की मी सुटतो आणि घरी पोचतो तेव्हा चूल विझलेली असते. अकरा वर्षांत मी गरम भाकरी खाल्लेली नाही. टाइमकीपर मात्र संध्याकाळी साडेसहाला पाटावर असतो! मला ती जागा त्या भाकरीसाठी हवी होती. शिवाय माझं वय छत्तीस. यापुढे कुणी बोलावणार नव्हतं.

तयारीची मला मुळीच चिंता नव्हती. ज्यानं अकरा वर्षांत एकदाही मजकूर उशिरा दिला नाही, त्याला सहा दिवस म्हणजे चैन! लोक आधी अभ्यासाला बसतात आणि मग वेळ पुरत नाही म्हणून रडतात. मी आधी वेळ बसवतो, मग स्वतः बसतो.

दिवसभर कचेरी, त्यामुळे पहाटेचे दोन तास. पाच ते सहा, इंग्रजी वाचन, मोठ्याने. सहा ते साडेसहा, गिरणीच्या खात्यांची माहिती, मोठ्याने. साडेसहा ते सात, पाढे, मोठ्याने. रविवारी दहा तास उजळणी. आणि खाली ठळक अक्षरांत, 'या वेळात कोणीही दार वाजवू नये.'

"मोठ्याने कशाला?" विजयमालेनं विचारलं. विजयमाला म्हणजे आमची मंडळी.

"मनात वाचलं की मला झोप लागते."

"आणि मोठ्यानं वाचलं की आमची जाते!"

याची नोंद मी तेव्हा घेतली नाही.

वेळापत्रक हातानं लिहून भागलं असतं. पण आमच्या छापखान्यातला कंपोझिटर महिपती म्हणाला, "छापूनच देतो की." छापल्यावर पन्नास प्रती माझ्या हातात दिल्या.

"अरे, मला एकच हवी होती!"

"एका प्रतीसाठी शाई लावायची व्हय? हात लावला की पन्नास."

एक दाराला लागली. उरलेल्या गल्लीनं नेल्या. आमच्या गल्लीत वाचणारी घरं दोन, पण छापील कागद भिंतीला शोभतो. कुणी तो गणपतीशेजारी लावला, कुणी आरशाखाली.

आता गल्लीबद्दल. बहुतेक सगळे त्याच गिरणीत मागावर. सातला फाटक बंद होतं. घड्याळ फक्त माझ्याकडे. बाकीच्यांचा कारभार भोंग्यावर. पण या गावात भोंगे इतके, आणि एकामागून एक असे वाजतात, की अर्धवट झोपेत कुणाचा कुठला ते कळत नाही. आणि जो भोंगा सगळ्या गावासाठी वाजतो, तो कुणीच स्वतःसाठी धरत नाही.

बुधवारी पहाटे पाचला मी सुरुवात केली. घरात इंग्रजी म्हणून कचेरीतून आणलेलं एक जुनं वर्तमानपत्र होतं, त्यातले लिव्हरपूलचे कापसाचे भाव मी खणखणीत आवाजात वाचले. दार कुणी वाजवलं नाही. मी विजयमालेकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

गुरुवारी सकाळी समोरच्या चंद्रव्वा ओसरीवर आल्या. मला त्या कानडीत 'तमा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. त्यांचा जावई गिरणीत. त्याला उठवणं हे त्यांचं वीस वर्षांचं दुखणं.

"तमा, तुझं इंग्रजी लई झ्याक हाय बग! आज जावई आपणहून उटला."

"काय समजलं त्यांना?"

"समजायचं काय त्यात? कोंबड्याचं काय समजतंय? उटायचं!"

चौकशी केली तेव्हा कळलं की गल्लीनं माझा अभ्यास वाटून घेतला होता. लिव्हरपूल सुरू झालं की उठायचं. सूतखात्याची माहिती सुरू झाली की तवा चढवायचा. पाढे ऐकू आले की पायात वहाणा. शेजारचा हिंदुराव तर सतराचा पाढा लागल्यावरच उंबरा ओलांडत असे. सतरा पंचे पंच्याऐंशीला तो कोपऱ्यावर आणि एकोणतिसाच्या पाढ्याला फाटकात! हा हिंदुराव मागावर काम करतो आणि तालमीत घुमतो. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो, हे त्याच्या आईलाही सांगता येणार नाही.

संध्याकाळी तो शिष्टमंडळ घेऊन आला.

"अण्णाराव, मागल्या बाजूच्या सहा घरास्नी ऐकू येत न्हाय. जरा वर घ्या की."

"हिंदुराव, ही माझी परीक्षेची तयारी आहे!"

"मग आमी कुटं न्हाय म्हनतोय? तुमची तयारी हुतीया, आमची हजेरी लागतीया. भाईर कट्ट्यावर बसा, म्हंजे झालं."

शुक्रवारी पहाटे मी कांबळं पांघरून कट्ट्यावर बसलो आणि लिव्हरपूलचे भाव ओरडलो. इतकं मोठ्यानं ते भाव खुद्द लिव्हरपुलातही कुणी सांगितले नसतील! मधेच मागल्या बाजूनं आरोळी आली, "ते मगाचं परत म्हना! पाणी उपसत हुतो!" मी परत म्हटलं.

शनिवारी पहाटे पाचला तोंड उघडलं. आवाज आला नाही.

फुंकणीतून निघते तशी नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. पण वेळापत्रक मोडायचं नाही हा माझा नेम. म्हणून मी ओठ हलवत सगळं वाचलं. लिव्हरपूल झालं, सूतखातं झालं, पाढे एकोणतिसापर्यंत झाले. तयारी एका मिनिटानंही चुकली नाही. फक्त गल्ली झोपलेली होती.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी दारात एकोणीस माणसं उभी होती. गिरणीच्या बंद फाटकावरून परत आलेली. एकोणीस खाडे!

"अण्णाराव, मेला हुता काय तुमी?" हिंदुराव म्हणाला.

"मी वाचत होतो," मी कुजबुजलो.

"काय म्हनतोय ह्यो?"

"वाचत होते म्हणतात," विजयमालेनं भाषांतर केलं.

"मनात? मनात वाचून आमाला काय उपेग?"

एकोणीस माणसं माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच त्यांचा दिवस कापला. मला लाज वाटली. नंतर मनात आलं, मला का वाटावी? पण तोवर वाटून झाली होती.

रविवार. दहा तास उजळणी. त्याऐवजी काय झालं ते क्रमानं देतो. सहाला चंद्रव्वांनी हळदीचं दूध दिलं. सातला मागल्या सहा घरांतून अडुळशाचे सहा काढे आले, आणि एकीचा घेऊन दुसरीचा नाही घेतला तर भांडण, म्हणून सहाही घ्यावे लागले. नऊला मिठाच्या गुळण्या. अकराला हिंदुराव आला, त्यानं माझी मान दोन्ही हातांनी धरली आणि "शीर आकडलीया" असं म्हणून ती मोकळी केली. तेव्हापासून मला उजवीकडे बघता येईना. दुपारी मी ज्येष्ठमधाची काडी चघळत पडून राहिलो. चंद्रव्वा दर तासाला दारातून विचारत होत्या, "आलं का इंग्रजी?"

आलं नाही.

सोमवारी दहाला पाच कमी असताना मी गिरणीच्या कचेरीत पोचलो. वेळेचं तेवढं बोलायला नको. हेडक्लार्क गुरुबसप्पांनी आत नेलं. साहेबांची खुर्ची नेमकी उजव्या हाताला! मी मान वळवू शकत नव्हतो, म्हणून सबंध अंगानं वळलो, नांगर वळावा तसा.

साहेबांनी टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला. माझं वेळापत्रक! त्याला एका बाजूनं तेलाचा डाग होता. एका खाडा पडलेल्या माणसानं पुराव्यादाखल आणून दिलेलं असावं. पण मला तेव्हा ते कुठलं सुचायला! वाटलं, आपल्या तयारीची कीर्ती इथवर आली.

"हे तुमचं?"

मी अभिमानानं मान डोलवली.

"किती प्रती छापल्या?"

"पन्नास," मी कुजबुजलो.

आता, समोरचा कुजबुजला की आपलाही आवाज आपोआप खाली येतो. साहेबांचाही आला.

"वाटल्या कुणी?" ते कुजबुजले.

"त्यांनी आपण होऊन नेल्या."

गुरुबसप्पा पाणी घेऊन आले, आम्हां दोघांकडे पाहिलं, चवड्यांवर मागे गेले आणि दार हलकेच लावून घेतलं. गेल्या सालचा संप अजून कुणी विसरलेलं नाही. फाटकापाशी दोघं एका काडीवर विड्या पेटवू लागले तरी कचेरीची खिडकी उघडते. अशा दिवसांत वेळा छापलेलं पत्रक आणि एकाच गल्लीतले एकोणीस गैरहजर! साहेब मला संपाचा पुढारी समजत होते!

"शनिवारी तुम्ही त्या लोकांना काय सांगितलंत?"

"काहीच नाही."

"मग ते आले का नाहीत?"

"मी काही बोललो नाही, म्हणूनच."

खरं उत्तर इतकं वाईट ऐकू येऊ शकतं, हे अकरा वर्षं बातम्या लिहूनही मला ठाऊक नव्हतं. मग मी जमेल तेवढं कुजबुजून सगळं सांगितलं. लिव्हरपूल, सूतखातं, सतरा पंचे पंच्याऐंशी. साहेब टेबलावर ओणवून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी गुरुबसप्पांना बोलावून हजेरीपट मागवला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार : आमच्या गल्लीचा एकही खाडा नाही, एकही उशीर नाही. गुरुबसप्पा म्हणाले, असं गिरणी सुरू झाल्यापासून झालेलं नाही. तेही कुजबुजूनच म्हणाले.

"म्हणजे," साहेब सावकाश कुजबुजले, "तुम्ही बोललात की माणसं येतात. गप्प बसलात की येत नाहीत."

मी विचार केला. त्यात चूक काढता येईना. मान डोलवली.

साहेबांनी हजेरीपट मिटला. इंग्रजी विचारलं नाही. पाढे विचारले नाहीत. सूतखात्याचं नाव काढलं नाही.

"असा माणूस फाटकाच्या आत असलेला बरा की बाहेर, हे मला बोर्डाला विचारावं लागेल," ते म्हणाले. "कळवू."

आज गुरुवार, १४ फेब्रुवारी, सकाळचे आठ. हे लिहीपर्यंत गिरणीचं पत्र आलेलं नाही. टाइमकीपरची खुर्ची रिकामी आहे. माझं वेळापत्रक साहेबांच्या टेबलावर काचेखाली ठेवलंय, असं हिंदुरावानं सांगितलं. पुरावा म्हणून की नमुना म्हणून, ते त्याला कळलं नाही. सोमवारपासून गल्लीचे खाडे सात. काल रात्रीची भाकरी गारच होती.

आणखी एक. आज पहाटे पाचला जाग आली, सहज खाकरलो, आणि आवाज आला! स्वच्छ, पहिल्यासारखा. मी आनंदानं उठून बसलो, "अगं—" एवढंच म्हणालो.

विजयमालेनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू! चंद्रव्वा जाग्या आहेत."