मल्हारीतात्यांची झडती

माझ्या खिशात हात घालायची माझ्या बायकोचीही छाती होत नाही. पण आमचे पहारेकरी मल्हारीतात्या? रोज सकाळी कारखान्याच्या फाटकावर, भर रस्त्यात, माझा कोट चाचपायचे!

"काडीपेटी?"

"अहो, मी विडीसुद्धा ओढत नाही!"

"मग दावायला काय जातंय?"

वर चपला उलट्या करून बघणार. लोखंडी खिळा दिसला की अनवाणी आत जा! मी इथला कारकून की दरोडेखोर?

आमचा सोलापुरातला हा कारखाना मुळात बंदुकीच्या दारूचा. मोठी लढाई संपली, मागणी आटली, तेव्हा मालकांनी त्याच कोळशाचं दंतमंजन काढलं आणि त्याच गंधकाचं खरजेचं मलम. आत दारूचा कण उरला नाही. पेट घेणार काय, मंजन? पण तात्या ऐकतील तर शपथ!

शेवटी मलमाची मोठी मागणी घेऊन बार्शीचा एक व्यापारी आला, तर तात्यांनी त्याला पागोटं सोडून दाखवायला लावलं. तो फाटकावरूनच परत फिरला. साहेबांनी त्याच दिवशी तात्यांना घरी बसवलं.

मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. "चांगली नोकरी घालवलीत! मंजनाला कसली आलीय झडती?"

तात्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"भाऊराव, दारू हुती तवा माझा धाकला भाऊ आत कामाला हुता. त्या दिशी समद्यांचं खिसं बघितलं. त्याचा तेवढा न्हाय बघितला. म्हटलं, घरचाच हाय की."

पुढचं सांगावं लागलं नाही.

"अहो, मग हे साहेबांना सांगायचं नाही का!" मी ओरडलोच. मला सगळ्यांचाच राग आला होता.

"सांगून काय हुतंय? फाटकावर हुबं ऱ्हायलं की वाटायचं, त्याचाच खिसा बघायचा ऱ्हायलाय."

हल्ली संध्याकाळी मी त्यांच्याकडे जातो. दारात हात वर करून उभा राहतो. ते कोट चाचपतात आणि आतल्या खिशात मीच ठेवलेली काडीपेटी त्यांच्या हाताला लागते.

"घावली! लाज न्हाय वाटत?" तोंडभर शिव्या देतात. पेटी घागरीत बुडवतात. मग एरवी मला अहो-जाहो करणारे तात्या माझ्या पाठीवर हात ठेवतात.

"जा रं आत. आता काय भ्या न्हाय."