सलीम गुत्तेदारानं अडवलेला ओटा

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं, आणि हर्सूलच्या माझ्या घरात एक दांडगा माणूस विटांवर पोळपाट ठेवून मला म्हणत होता, "चाचा, बाई उभी करा."

हा सलीम गुत्तेदार, बांधकामाची कंत्राटं घेणारा. बाकी गुत्तेदारांच्या गाडीच्या डिकीत टेप, ओळंबा, सुताचा गुंडा असतो. सलीमच्या डिकीत पोळपाट-लाटणं असतं. ओटा बांधायचा तर आधी तो विटांचा ढीग रचतो, वर पोळपाट ठेवतो, आणि त्या घरात जी पोळ्या करणार तिला समोर उभी करून लाटणं फिरवायला लावतो. पीठ नसतंच. बाई लाजत लाजत हवा लाटती, आणि हा बाजूला उकिडवा बसून तिच्या खांद्याकडं बघतो. खांदे वर चढले की एक वीट काढायची, पाठ वाकली की फरशीचा तुकडा घालायचा. खांदे सैल पडले की म्हणतो, "हौ. बैठ गया." मग भिंतीवर खडूनं रेघ.

"बैठ गया" हा त्याचा आवडता शब्द. नळ बसला, दार बसलं, की बैठ गया. चहा आवडला तरी बैठ गया. एकदा शेजारचा नवा जावई गल्लीतून चालला होता. सलीमनं त्याला खालीवर बघितलं आणि म्हणला, "ये अभी बैठा नै."

घर माझंच, मीच बांधलेलं. शाळा दुसरीपर्यंत, पुढं सगळी उमर धान्याच्या मोंढ्यात पोती उचलली आणि त्यातनं हे उभं केलं. मग पोरानं बजाजनगरला नेलं आम्हाला. तिकडं राहिलो तेवढ्या वर्षांत या बंद घराची पार रया गेली. स्लॅब गळायला लागला, दारं वाळवीनं खाल्ली, स्वैपाकघरात कुत्री व्याली. पोरगा म्हणला, विकून टाका. मी म्हणलं, मी तिथंच राहायला जाणार. माझी बायको सुमन म्हणली, "तिथं मी चूल कुठं मांडू?" मला राग आला. सुनेसमोर, पोरासमोर बोलून बसलो, "यायचं तर आपल्या पायानं ये. बोलवायला मी येणार नाय." पिशवी उचलली आणि निघून आलो. मी एकदा बोललो म्हणजे बोललो. मोंढ्यात माझ्या नुसत्या शब्दावर ट्रक खाली व्हायचे.

उन्हाळाभर सलीमनं घराला पुन्हा घरपण आणलं. गळती थांबवली, वायर नवी टाकली, संडास केला. मी खुर्ची टाकून समोर बसलेला. राहिला फक्त ओटा. काळा कडप्पा भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि हा बाबा म्हणतो, बाई उभी करा.

"बाई नाय हितं," मी म्हणलं. "बांध अंदाजानं."

"अंदाजानं गोठा बांधतो मी, चाचा. ओटा नै."

"मग मी उभा राहतो. मीच करून खाणार हाय."

त्यानं लाटणं हातात दिलं. मी फिरवलं. त्यानं माझ्या खांद्यांकडं बघितलं. "पोती ओढायचा आकडा नै वो, चाचा, लाटणं है. रोज जेवता कुठं?"

"खानावळीत."

"मग खानावळवालीला बोलवा."

दुसऱ्या दिवशी मी डाव टाकला. शेजारच्या शांताबाईला घेऊन आलो आणि म्हणलं, ही घरची. शांताबाईनं पदर खोचला, लाटणं बी झकास फिरवलं. सलीमनं लई अदबीनं विचारलं, "चाची, मिठाचा डबा कोणत्या हाताला ठेवू तुमच्या?"

"मला काय ठावं बाबा," शांताबाई म्हणली. "हे म्हणले पाच मिनिटं चल, म्हणून आले."

सलीमनं पोळपाट पिशवीत घातलं.

"मी दुसरा गुत्तेदार बघतो," मी म्हणलं.

"बघा. कडप्पा संभाळून उचलायला सांगा, जड है." आणि गाडीला किक मारून गेला.

दुसरा मिस्त्री त्याच दिवशी मिळाला, उद्या येतो म्हणला. पण सलीमला चार शब्द सुनावल्याशिवाय काम दुसऱ्याला दिलं तर मी पळ काढला असं झालं असतं. म्हणून संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, नारेगावला. वाटेत रिक्षात बसून चारी शब्द घोकले.

दार उघडंच होतं. आत सलीम कमरेत दुमडून, माझ्या गुडघ्याएवढ्या ओट्यावर कांदा चिरत होता. एवढा मोठा माणूस, पार घडी झालेली. पलीकडं खुर्चीत त्याची बायको बसलेली, पायावर चादर. ओटा बरोबर तिच्या हाताखाली येत होता आणि ती परातीत कणीक मळत होती.

"कौन है?" तिनं विचारलं.

"वोइच. ओटेवाले चाचा." सुरी कुठं ठेवावी ते त्याला कळंना.

"बैठो चाचा," ती म्हणली. मी ओट्याकडं बघतोय हे तिनं हेरलं. "पहले ऊंचा था. मेरे पाँव गये तो मैं बोली, अब बाहर से डब्बा लगाओ. ये सुने नै. बोले, तू खडी नै हो सकती तो ओटा बैठ जाएगा. खुद तोडे, खुद बांधे. अब कमर पकड के घूमते."

"चूप गे," सलीम म्हणला. "चाय रख."

तिनं बसल्या बसल्या चहा टाकला. मग मला विचारलं, "चाची कित्ती ऊंची है तुमारी?"

मी हात वर केला. खांद्यापाशी धरला. मग कानापर्यंत नेला. मग परत जरा खाली आणला. सगळा संसार झाला तिच्यासंगं, आणि हात कुठं थांबवावा ते मला ठरवता येईना.

सलीम बघत होता. एक टोमणा त्याच्या तोंडात तयार असणार, पण त्यानं मारला नाय. मान खाली घालून कांदा चिरत राहिला. मारला असता तर बरं झालं असतं. चहा पिलो आणि घोकलेले शब्द तसेच घेऊन घरी आलो.

सकाळी उठून मिस्त्रीला नको म्हणून सांगितलं. दाढी केली, धुतलेली टोपी घातली आणि बजाजनगरची बस धरली. पोरगा कामावर गेला होता. सुमन गॅसपाशी उभी होती, दोन्ही टाचा उचलून कढईत बघत. त्या घरात मी एवढी वर्षं जेवलो, पण तिच्या उचललेल्या टाचा मला तोवर दिसल्या नव्हत्या.

तिनं वळून बघितलं. "काय इसरलं इथं?"

"काय नाय," मी म्हणलं. "ओटा किती उंच पायजे तुला, ते विचारायला आलो."